हरवलेला सातबारा : संगणकाच्या डिस्कची मोडलेली नोंद आणि तिची दुरुस्ती

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रेणापुरात रात्री दहाच्या सुमारास वीज गेली. संगणकाला जोडलेली बॅटरी जुनी झाली होती. तिने मिनिटभरही दम धरला नाही. माझे काम चालू असतानाच पडदा काळा झाला. पहाटे वीज आली, मी बटण दाबले. नेहमीचे चित्र आले नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या : 'एरर : अननोन फाइलसिस्टिम' आणि खाली 'ग्रब रेस्क्यू'. त्यापुढे संगणक हलेना.

आत काय होते ते आधी सांगतो. अकरा वर्षांपासून मी रेणापूर आणि आसपासच्या गावांतल्या वयस्क बायांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून घेत आलो आहे. ह्या कामाची मोठी वाट पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी ऐंशीच्या दशकापासून घालून दिली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत आमच्या मराठवाड्यातल्या माजलगावच्या बायांचाही आवाज आहे. बर्नार्ड बेल यांनी त्या संग्रहाला संगणकीय कोशाचे रूप दिले. माझे काम त्यापुढे मूठभर. मला कुठल्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती नाही. शिक्षण बारावीपर्यंत, आणि संगणक शिकलो तो पुस्तके चाळून, चुका करत. लिनक्स वापरतो, कारण ती फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते.

माझ्यासाठी गायलेल्या बायांपैकी निम्म्याहून अधिक आज नाहीत. त्यांच्यातल्या एका आजीचा नातू आठवड्यापूर्वीच येऊन गेला होता. "काका, आजीचं वर्षश्राद्ध आलंय. तिचा आवाज हाय का तुमच्याकडं?" मी म्हणालो होतो, "आहे की. पुढच्या सोमवारी ये."

दुसरी प्रत होती का, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. होती, पण तीन वर्षांपूर्वीची. ह्या आजी त्यानंतर गायल्या होत्या.

यंत्र पिशवीत घालून लातूर गाठले. दुकानातल्या मुलाने पडदा पाहिला आणि म्हणाला, "काका, पार्टिशन उडालंय. फॉरमॅट मारून देतो. अर्ध्या तासात नवं करून देतो."

"आणि आतलं?"

"आतलं गेलं म्हणायचं."

मी यंत्र उचलून परत आणले. ते बरे केले असे आज म्हणता येते. त्या दिवशी मात्र मला एवढेच ठाऊक होते की 'गेलं' म्हणजे नेमके काय गेले, हे त्याने पाहिले नव्हते. पुढचे आठ दिवस मी तेच शोधत होतो. जे कळले ते इथे मांडतो. कारण ह्या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या कविता, टिपणे, पत्रे आणि फोटो आता अशाच एखाद्या डिस्कवर असणार.

संगणक कुठे अडला?

बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत संगणकात एक साखळी चालते. आधी मदरबोर्डवरचा छोटा कार्यक्रम जागा होतो आणि डिस्कचे पहिले पान वाचतो. हे पान ५१२ बाइटचे असते. त्यातल्या सुरुवातीच्या ४४६ बाइटमध्ये पुढचा रस्ता दाखवणारी आज्ञावली, नंतरच्या ६४ बाइटमध्ये पार्टिशनचा तक्ता आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये ठरलेली खूण. (ही जुन्या यंत्रांतली मांडणी. नव्या यंत्रांत जीपीटी नावाचा तक्ता असतो. त्याची एक नक्कल डिस्कच्या अगदी शेवटीही ठेवलेली असते.) त्या पानावरून 'ग्रब' नावाचा वाटाड्या उठतो. तो लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, शोधून स्मृतीत आणतो. कर्नल मग मुख्य पार्टिशन उघडतो आणि बाकीचा संसार मांडतो.

ही साखळी समजली की पडद्यावरची ओळ वाचता येते. माझ्या पडद्यावर 'ग्रब' हे नाव होते. म्हणजे पहिले पान शाबूत होते. ग्रबला पार्टिशन कुठे सुरू होते हे कळत होते, पण आत काय आहे हे ओळखता येत नव्हते. पडद्यावर 'इनिट-रॅम-एफएस' असा शब्द आला असता, तर कर्नल उठला आहे पण मुख्य पार्टिशन उघडत नाही, असा अर्थ झाला असता. 'बूट करण्याजोगे काही सापडत नाही' अशा अर्थाचा मजकूर आला असता, तर पहिलेच पान किंवा डिस्कच संशयित ठरली असती. आजार एकच दिसतो, पण जागा वेगळ्या असतात आणि उपायही वेगळे. म्हणून पहिले काम म्हणजे पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवून घेणे.

जमीन आणि जमिनीची नोंद

डिस्कची रचना मला सर्वांत नीट समजली ती आमच्या तलाठ्याच्या दप्तरावरून. हार्डडिस्क म्हणजे शिवार. पार्टिशनचा तक्ता म्हणजे गटांचा नकाशा : कोणता गट कुठे सुरू होतो आणि किती लांब जातो, एवढेच तो सांगतो. गटात ज्वारी आहे की सोयाबीन, हे त्याला ठाऊक नसते. ते सांगायला प्रत्येक पार्टिशनच्या आत स्वतंत्र दप्तर असते. त्यालाच फाइलसिस्टिम म्हणतात. लिनक्सवर सहसा 'ईएक्सटी-४' नावाचे दप्तर असते. त्याचा पूर्वज 'ईएक्सटी-२' फ्रान्सच्या रेमी कार्ड यांनी १९९३च्या आरंभी आणला. आमच्या जिल्ह्यात १९९३ म्हटले की किल्लारीशिवाय दुसरे काही आठवत नाही. पण त्याच वर्षीच्या ह्या कामावर आज जगातली असंख्य यंत्रे उभी आहेत.

ह्या दप्तराचे तीन भाग ध्यानात ठेवावेत.

पहिला 'सुपरब्लॉक'. हा पार्टिशनचा सातबारा. एकूण क्षेत्र किती, ते किती-किती बाइटच्या तुकड्यांत वाटले आहे, रिकामे किती, पार्टिशनचा ओळख क्रमांक कोणता, हे सगळे त्यात असते. तो पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटवर लिहिलेला असतो. तो वाचता आला नाही तर पार्टिशन परके वाटू लागते. माझे नेमके हेच झाले होते.

दुसरा भाग 'आयनोड'. प्रत्येक फाइलला एक क्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या नोंदीत फाइलचा आकार, तारखा, मालक आणि तिचा मजकूर डिस्कवर कुठल्या तुकड्यांत आहे, हे असते. फाइलचे नाव मात्र तिथे नसते.

नाव असते तिसऱ्या भागात, म्हणजे फोल्डरमध्ये. फोल्डर ही साधी यादी : अमुक नाव, तमुक क्रमांक. ही यादी फाटली तर नाव जाते, पण फाइल जागेवर राहते. पुढे ह्या गोष्टीला फार महत्त्व येणार आहे.

आता फेरफाराची वही. जमीन विकली तर तलाठी थेट सातबाऱ्यावर खाडाखोड करत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार लिहिला जातो, नोटीस निघते, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात आणि मग सातबारा बदलतो. मध्येच काम थांबले तरी वही पाहून पुढचे करता येते. 'ईएक्सटी-३'मध्ये, म्हणजे २००१च्या सुमारास, लिनक्सच्या दप्तरात अशीच वही आली. तिला 'जर्नल' म्हणतात. करायचा बदल आधी जर्नलमध्ये लिहायचा, मग मूळ जागी. वीज गेली तर पुढच्या वेळी जर्नल वाचून अर्धवट बदल पुरे होतात किंवा सोडून दिले जातात. त्यामुळे नुसत्या वीज जाण्याने लिनक्सची डिस्क सहसा बिघडत नाही. पण दोन मर्यादा आहेत. नेहमीच्या मांडणीत जर्नल दप्तराची काळजी घेते, फाइलमधल्या मजकुराची नाही. आणि डिस्कचा पृष्ठभागच खराब झाला असेल तर वही असून उपयोग नाही, कारण कागदच फाटलेला असतो. माझी डिस्क आठ वर्षांची होती. वीज हे निमित्त झाले होते.

आता 'फॉरमॅट' ह्या शब्दाचा अर्थ उघड होईल. फॉरमॅट म्हणजे जुने दप्तर बाजूला सारून त्याच शिवारावर कोरे दप्तर मांडणे. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर झटपट फॉरमॅट केले तरी शेतातले पीक बरेचसे उभे असते, पण ते कोणाचे हे सांगणारे कागद जातात. एसएसडी असेल तर गोष्ट अधिक गंभीर. लिनक्सची फॉरमॅट करणारी आज्ञा एसएसडीला 'सगळी जागा मोकळी समज' असे कळवते आणि मग पीकही परत मिळण्याची आशा जवळजवळ उरत नाही. अर्ध्या तासात नवे करून मिळणार होते, ते हे.

आधी नक्कल

दुरुस्तीचा पहिला नियम : मूळ डिस्कवर काहीही लिहायचे नाही. दुरुस्तीची आज्ञासुद्धा लिहीतच असते. ती चुकली तर मागे जायला जागा उरत नाही. आपल्या भाषेत ह्याला मोठा दाखला आहे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती प्रती एकमेकींशी ताडून. ताडून पाहायला दुसरी प्रत असली तरच शोधन होते. एकच प्रत असेल आणि तीच खोडत बसलो, तर त्याला शोधन म्हणता येत नाही.

मी शेजारच्या संगणकावर लिनक्सचा 'लाइव्ह' पेनड्राइव्ह तयार केला. त्यावरून यंत्र सुरू केले की आतल्या डिस्कला हात न लावता काम करता येते. पुढे आज्ञांची नावे नागरीत दिली आहेत. संगणकावर ती लहान रोमन अक्षरांत लिहावी लागतात.

'एल-एस-बी-एल-के' ही आज्ञा डिस्क आणि पार्टिशनांची यादी दाखवते. पार्टिशन होते, आकारही बरोबर होता, फक्त 'प्रकार' हा रकाना कोरा होता. म्हणजे नकाशा ठीक, सातबारा गायब. नकाशाच गेला असता, तर क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे 'टेस्टडिस्क' वापरावे लागले असते. ते डिस्कभर फिरून जुन्या हद्दींच्या खुणा शोधते आणि तक्ता पुन्हा मांडते. बांध मोडला तरी हद्दीचे दगड जमिनीत सापडावेत, तसे.

मग 'स्मार्ट-सी-टी-एल'ने डिस्कची तब्येत विचारली. तिथे 'पेंडिंग सेक्टर' शून्याहून अधिक होते. ह्याचा अर्थ काही जागा वाचता येत नाहीत. अशा वेळी वेळ दवडू नये. आणि डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर घरी काहीच करू नये. वीज बंद करून डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडेच जावे.

माझ्या डिस्कचा आवाज नव्हता. मी नवी, मोठी डिस्क आणली आणि 'जीएनयू डीडीरेस्क्यू' ह्या साधनाने जुन्या पार्टिशनची तंतोतंत नक्कल तिच्यावर एका फाइलमध्ये उतरवली. ह्या साधनाची रीत शहाणपणाची आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेल्या जागा सोडून पुढे जाते आणि शेवटी त्या जागांकडे पुन्हा वळते. कुठवर आलो हे ते एका नोंदफाइलमध्ये लिहीत जाते, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. रेणापुरात हा गुण मोलाचा. रात्रभर ते चालले. सकाळी पाहिले तर थोडे किलोबाइट सोडता सगळे आले होते. पण त्या थोड्यांतच सुपरब्लॉक होता.

ह्या नकलेचीही मी आणखी एक नक्कल केली आणि मूळ डिस्क काढून कपाटात ठेवली.

दुसरीकडचा सातबारा

इथे 'ईएक्सटी' दप्तराची दूरदृष्टी कामी येते. त्याने सातबारा एकाच जागी ठेवलेला नसतो. पार्टिशन लहान लहान गटांत विभागलेले असते. ४ किलोबाइटचे तुकडे असतील, आणि सहसा तेवढेच असतात, तर एका गटात ३२७६८ तुकडे, म्हणजे १२८ मेगाबाइट. पहिल्या गटातला सुपरब्लॉक मुख्य. त्याच्या नकला ठरावीक गटांत ठेवलेल्या असतात : तुकडा क्रमांक ३२७६८, ९८३०४, १६३८४०, २२९३७६ आणि पुढे. मोजणीचे मूळ कागद भूमी अभिलेख कार्यालयात असल्याने तलाठ्याच्या दप्तराला वाळवी लागली तरी हद्द ठरवता येते, त्यातलाच हा प्रकार.

दप्तर तपासणारे साधन 'एफ-एस-सी-के'. ईएक्सटीसाठी त्याचे रूप 'ई-टू-एफ-एस-सी-के'. त्याला सांगायचे की ३२७६८ क्रमांकाचा सुपरब्लॉक वापर आणि तुकडा ४०९६ बाइटचा समज. पहिल्यांदा मी त्यासोबत 'डॅश-एन' हा पर्याय दिला. त्याचा अर्थ, सगळ्या प्रश्नांना 'नाही' समज आणि काहीही न लिहिता फक्त दोष सांग. ती सगळी यादी फाइलमध्ये साठवून वाचली. मग नकलेवर खरी दुरुस्ती चालवली.

ही दुरुस्ती काय करते, हे नीट समजून घ्यावे. ती दप्तरात मेळ घालते. एकच तुकडा दोन फाइलींच्या नावावर असेल तर वाद सोडवते, मोकळ्या जागेची बेरीज जुळवते, तुटलेल्या नोंदी काढून टाकते. हरवलेला मजकूर ती परत आणत नाही. मेळ बसला म्हणजे सगळे मिळाले असे नव्हे. म्हणूनच 'सगळ्यांना हो' म्हणणारा पर्याय मूळ डिस्कवर वापरू नये, नकलेवर वापरावा. आणखी एक सावधगिरी. फक्त वाचण्यासाठी म्हणून पार्टिशन उघडले तरी ईएक्सटी-४ जर्नलमधले अर्धवट फेरफार पुरे करू पाहते, म्हणजे लिहिते. ते टाळायला 'आर-ओ'सोबत 'नोलोड' हाही पर्याय द्यावा लागतो.

दुरुस्तीनंतर नक्कल उघडली. माझी फोल्डरे दिसली. एक मात्र रिकामे होते. गेल्या तीन वर्षांच्या ओव्यांचे.

नाव नसलेले आवाज

मुख्य फोल्डरात 'लॉस्ट अँड फाउंड' नावाचे एक फोल्डर कायम असते. एरवी ते रिकामे असते आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. ज्या फाइलींचे आयनोड शाबूत आहेत पण नावाची यादी फाटली आहे, त्या एफ-एस-सी-के तिथे आणून ठेवते. नाव ठाऊक नसल्याने त्यांना क्रमांकानेच ओळखायचे. मी ते उघडले. एकाखाली एक क्रमांक होते. गेले म्हणून सांगितलेले सगळे तिथे होते, फक्त नावे नव्हती.

'फाइल' ह्या साध्या आज्ञेने त्यांतल्या ध्वनीच्या फाइली वेगळ्या काढल्या. आयनोडमध्ये तारीख राहते, हे आधी सांगितलेच आहे. मी रेकॉर्डर घेऊन जातो तेव्हा एक वहीही नेतो आणि तारीख, गाव, गाणाऱ्या बाईचे नाव त्यात लिहितो. ती वही काढली. फाइलींच्या तारखा आणि वहीतल्या तारखा समोरासमोर ठेवल्या. बहुतेक जुळल्या. एकाच दिवशी एकाच घरात चार-चार बाया गायल्या होत्या, तिथे ऐकल्यावाचून उपाय नव्हता. दोन दिवस कानाला यंत्र लावून ऐकत बसलो. एका फाइलीत आधी जात्याची घरघर, मग खोकला, मग "हं, लाव आता" असा आवाज आला. नातू ज्यांच्यासाठी येणार होता, त्याच आजी.

दोन फाइली मिळाल्या नाहीत. एक अर्धीच आहे. त्या बायांची नावे वहीत आहेत, आवाज नाही.

दुरुस्त केलेली नक्कल मी नव्या डिस्कवर घेतलेल्या नव्या पार्टिशनात उतरवली. अशी नक्कल जुनाच ओळख क्रमांक घेऊन येते, त्यामुळे 'एफ-एस-टॅब' ह्या यादीत काही बदलावे लागले नाही. एवढेच पाहायचे की सारख्याच क्रमांकाच्या दोन डिस्क एकाच वेळी यंत्राला जोडलेल्या नकोत. नव्या डिस्कच्या पहिल्या पानावर ग्रब नव्हता. लाइव्ह पेनड्राइव्हवरून 'सी-एच-रूट' करून आपल्या लिनक्समध्ये शिरलो आणि 'ग्रब-इन्स्टॉल' व 'अपडेट-ग्रब' ह्या आज्ञा दिल्या. यंत्र पहिल्यासारखे उठले.

ज्यांना हे शिकायचे आहे त्यांनी घाबरू नये. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे प्राथमिक पाठ मराठीतही आहेत. मी तिथूनच सुरुवात केली. सराव मात्र एखाद्या रिकाम्या पेनड्राइव्हवर करावा, आपल्या एकमेव संग्रहावर नव्हे.

नातू सोमवारी आला होता तेव्हा मी त्याला आठ दिवसांनी ये म्हणून परत पाठवले होते. कारण सांगितले नव्हते. तो पुन्हा आला. मी फाइल लावली. खोकला ऐकल्यावरच तो म्हणाला, "हीच." वर्षश्राद्धाची तिथी तीन दिवसांपूर्वीच होऊन गेली होती. तो त्याबद्दल काही बोलला नाही. फाइल मोबाइलमध्ये घेतली आणि गेला.

आता माझ्या संग्रहाच्या तीन प्रती आहेत. एक संगणकात, एक कपाटातल्या डिस्कवर, एक लातूरला नातेवाइकांच्या घरी. दर अमावास्येला मी त्या ताज्या करतो, म्हणजे तारीख चुकत नाही. शिवाय ज्या ज्या घरात गाणी घेतली, त्या घरच्या कोणाच्या तरी मोबाइलमध्ये त्या घरची गाणी देऊन येऊ लागलो आहे. त्यात अर्धे आळशीपण आहे आणि अर्धा हिशेब. आमच्या घराला काही झाले तरी ती गाणी ज्यांची, त्यांच्याकडे असतील.